कुस्तीच्या मैदानात एनडीआय : दोन हंगाम वापरल्यानंतर

घिस्सा डाव बसला आणि खालच्या पैलवानाचे दोन्ही खांदे मातीला लागले की नाही, हे अर्ध्या सेकंदात ठरतं. नेमकं तेव्हाच चित्र फुटलं तर तासभर केलेलं प्रक्षेपण वाया जातं. आमच्या भागातल्या यात्रांची कुस्ती मैदानं मी यूट्यूबवर थेट दाखवतो. पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला आणि आखातात गेलेली गावची माणसं कामातून वेळ काढून ती बघतात. त्यामुळे एनडीआयला मी एकच कसोटी लावतो : खांदे दिसतात का?

एनडीआय म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र आणि आवाज साध्या नेटवर्क केबलमधून नेण्याची पद्धत. न्यूटेक या अमेरिकी कंपनीने ती २०१५ मध्ये आणली. तिची संगणकावरची टूल्स मोफत मिळतात आणि ओबीएस या थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरसाठी मोफत प्लगइनही आहे. पूर्वी मी एचडीएमआय केबल ओढायचो. साध्या एचडीएमआय केबलचा पंधरा मीटरच्या पुढे भरवसा नाही, म्हणून मिक्सिंगचं टेबल हौद्याला, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याला, चिकटून लावायला लागायचं. हलगी कानाशी, लॅपटॉपवर माती आणि मागच्या लोकांना आमचीच अडचण. आता मी ७० मीटर लांब, मंडपाच्या मागे बसतो. प्रत्येक कॅमेऱ्याकडून एक कॅट सिक्स नेटवर्क केबल येते, बस. या एका सोयीसाठी मी पुन्हा जुन्या पद्धतीकडे जाणार नाही.

तरीही पहिल्या हंगामात आमचं चित्र खराब यायचं.

सगळ्यात जास्त छळलं मधल्या कॅमेऱ्याने. हौद्यासमोरचा हा मुख्य कॅमेरा, आणि त्याचंच चित्र पाण्याखालून बघितल्यासारखं. लांगेचा रंग कळायचा, चेहरा कळायचा नाही. मी लेन्स पुसली, फोकस हाताने लावला, यूट्यूबला जाणारा बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) वाढवला. दोन मैदानं अशीच गेली. तिसऱ्या वेळी एनडीआय टूल्समधला, नेटवर्कवरचं चित्र थेट दाखवणारा स्टुडिओ मॉनिटर उघडला आणि त्यात तोच कॅमेरा लावला. चित्र लख्ख! पैलवानाच्या पाठीवर चिकटलेल्या मातीचे खडेसुद्धा दिसत होते. म्हणजे कॅमेरा, केबल, स्विच सगळं ठीक होतं आणि बिघाड ओबीएसमध्ये होता. तिथे त्या सोर्सच्या सेटिंगमध्ये बँडविड्थ ‘लोएस्ट’वर होती. घरी वायफायवर चाचणी घेताना चित्र अडखळू नये म्हणून माझ्या मावसभावाने ती तशी ठेवली होती आणि सीनसोबत तीच सेव्ह झाली. या सेटिंगवर एनडीआय मूळ चित्राऐवजी जेमतेम ६४० पिक्सेल रुंदीची छोटी प्रत पाठवतं. ती ताणून १९२० केली तर काय दिसणार? ‘हायेस्ट’ केल्यावर दुसऱ्या क्षणी चेहरे दिसले.

तेव्हापासून चित्र बिघडलं की मी कॅमेऱ्याकडे धावत नाही. आधी स्टुडिओ मॉनिटर, मग ओबीएस, शेवटी मोबाइलवर यूट्यूब, या क्रमाने तीन ठिकाणी चित्र बघतो. ज्या टप्प्यावर ते पहिल्यांदा खराब दिसतं, दोष तिथे किंवा तिथवर येण्याच्या वाटेत असतो. फक्त स्टुडिओ मॉनिटरमध्येही कमी बँडविड्थची सोय आहे, ती बंद असल्याची खात्री करायची. हे टूल मोफत आहे, आणि पूर्ण संचात माझ्या सर्वांत उपयोगाचं तेच.

डाव्या कॅमेऱ्याचं दुखणं वेगळं होतं. चित्र स्वच्छ, पण चाल तुटक. पट काढताना (समोरच्याचा पाय ओढताना) हात इथे, मग एकदम तिथे. त्या कॅमेऱ्याला कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र संगणकात घेणारं यंत्र) लावलेला लॅपटॉप जोडलेला होता. त्या लॅपटॉपचा लिंक स्पीड (नेटवर्क जोडणीचा वेग) बघितला तर १००० ऐवजी १०० मेगाबिट. नेटवर्क केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० मेगाबिटचं काम दोन जोड्यांवर भागतं. टोकाला कनेक्टर क्रिंप करताना एक तार नीट बसली नव्हती, म्हणून जोडणी गुपचूप १०० वर उतरली होती. स्विचचा दिवा पेटलेला, इंटरनेट चालू, त्यामुळे शंका कुणाला येणार? पूर्ण दर्जाच्या एनडीआयला १०८०पी६० (सेकंदाला ६० फ्रेमच्या फुल एचडी) चित्रासाठी सेकंदाला सव्वाशे मेगाबिटच्या आसपास जागा लागते. ते १०० मध्ये मावत नाही, फ्रेम गळतात. आता प्रत्येक केबल टेस्टरवर तपासूनच गाडीत चढते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल मी घेणं बंद केलं. शुद्ध तांब्याची महाग पडते, पण हंगामभर टिकते.

एचएक्स या एनडीआयच्याच जास्त दाबलेल्या प्रकाराबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे, कारण भाड्याने मिळणारे बरेच पीटीझेड (दुरून फिरवता आणि झूम करता येणारे) कॅमेरे त्याच प्रकारचे असतात. पूर्ण एनडीआयमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र दाबलेली असते. एचएक्स एच.२६४ किंवा एच.२६५ या चित्र दाबण्याच्या पद्धती वापरतं, त्यात बऱ्याच फ्रेम ‘आधीच्यापेक्षा काय बदललं’ एवढंच सांगतात. व्यासपीठावर सत्कार चाललाय, फेटे बांधलेत, माणसं जागेवर उभी आहेत, तिथे ८ मेगाबिटमध्ये सुंदर चित्र येतं. पण सलामी झाली, पैलवानांनी एकमेकांच्या अंगावर माती टाकली, झटापट सुरू झाली की प्रत्येक फ्रेममध्ये सगळंच बदलतं. उडणारी माती तर कुठल्याच अंदाजात बसत नाही. मग चित्राचे चौकोन पडतात, नेमके निकालाच्या क्षणी. कॅमेऱ्याच्या वेब पानावर बिटरेट वाढवून बराच फरक पडला, तरी हौद्यावर मी पूर्ण एनडीआयच ठेवतो. एचएक्स व्यासपीठाकडे आणि हलगीवाल्यांकडे.

बाकी दोन गोष्टी लवकर सुटल्या. काळा रंग राखाडी दिसत होता, तो कलर रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची मोजपट्टी) फुल आणि लिमिटेड अशी दोन टोकांना वेगवेगळी असल्यामुळे. रात्रीच्या दिव्यांची थरथर गेली ती शटर १/५० सेकंद आणि सगळे कॅमेरे ५०पी (सेकंदाला ५० फ्रेम) केल्यावर. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, कॅमेऱ्याची लय तिच्याशी जुळावी लागते.

एनडीआय घ्यावं का? एका सभागृहात दोन कॅमेरे आणि टेबल जवळच असेल तर एचडीएमआयच ठेवा, खर्च वाचेल. मैदान मोठं असेल तर घ्या, पण स्वतःचा गिगाबिट स्विच आणि स्वतःच्या केबल घेऊनच जा. मंडपवाल्याच्या वायफायवर मुख्य कॅमेरा चालवू नका. आणि सकाळी चाचणी घेताना मोकळा हौदा दाखवून समाधान मानू नका. मी तालमीतल्या दोन पोरांना पाच मिनिटं झोंबी घ्यायला लावतो आणि त्यांचे खांदे बघतो.