हंटरचं १/७२ किट : विमान जैसलमेरचं, हवा रत्नागिरीची

५ डिसेंबर १९७१ ला उजाडताच जैसलमेरहून उडालेल्या भारतीय हंटर लढाऊ विमानांनी लोंगेवालावर चालून आलेले पाकिस्तानी रणगाडे फोडले. रात्री मारा करायची सोय त्यांच्यात नव्हती. त्याच विमानाची ७२ पट लहान प्रतिकृती जुळवायच्या या किटमध्ये ३० मिमीच्या चार तोफांची तोंडं आणि काडतुसांच्या कड्या साठवणारे पोटाखालचे दोन फुगवटे झकास उतरलेत. पंखाच्या मुळाशी मात्र फट राहते, पुट्टी लागतेच. नाकात जाळ्याचं शिसं भरा (मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदराला त्याची काय कमी!), नाहीतर विमान शेपटीवर बसतं. वार्निश भर पावसात मारू नका, दमट हवेत पांढुरकं होतं. डिकलखाली (विमानावर चिकटवायच्या खुणांखाली) आधी चकचकीत थर द्या; खरखरीत रंगावर हवा अडकून चंदेरी डाग पडतात. डिकल ब्रिटिश पथकांचेच, तिरंगी चक्रं वेगळी मागवायची. हा भुर्दंड खटकतो.