लॉसलेस व्हिडिओ: एडिटिंगला यूटी व्हिडिओ, जपणुकीला एफएफव्ही१

व्हीएचएसवरचं लग्न असो की नाटकाचा जुना प्रयोग, कॅसेट संगणकात उतरवायची म्हटलं की आधी जागेचा हिशेब करावा लागतो. पाल पद्धतीचं ७२० बाय ५७६ चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, ८ बिट ४:२:२ (म्हणजे रंगाची माहिती आडव्या दिशेने निम्मीच). कॉम्प्रेशनशिवाय ठेवलं तर तासाला सुमारे ७५ जीबी. लॉसलेस कोडेक, म्हणजे काहीही न गमावता व्हिडिओ दाबून ठेवणारी पद्धत, हा आकार बराच खाली आणतो आणि उघडल्यावर प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा परत देतो. कॅसेटच्या चित्रात खरखर जितकी जास्त, तितकी बचत कमी.

एडिटिंगसाठी माझी पसंती यूटी व्हिडिओला. ताकेशी उमेझावा यांनी २००८ मध्ये आणलेला हा मोफत कोडेक प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवतो आणि प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला लावतो. त्यामुळे टाइमलाइनवर मागे-पुढे सरकताना अडखळत नाही. हफवाययूव्ही याच पठडीतला, पण जुना. आता त्याची गरज उरलेली नाही. लॅगरिथच्या फाइल हफवाययूव्हीपेक्षा लहान होतात, मात्र तो संथ आहे, ८ बिटांपुरता आणि विंडोजपुरता आहे. शिवाय एफएफएमपेग हा व्हिडिओ रूपांतराचा मोफत प्रोग्राम लॅगरिथ वाचतो, लिहीत नाही. नवं काम त्यात सुरू करू नका. रोज मोठ्या रिझोल्यूशनचं, १० बिटांचं काम असेल तर वेगासाठी मॅजिकयूव्हीवर पैसे खर्च करायला हरकत नाही.

जपून ठेवायच्या प्रतीचे निकष वेगळे. तिथे वेग दुय्यम. वीस वर्षांनी फाइल उघडेल का आणि बिघडली तर कळेल का, हे महत्त्वाचं. इथे एफएफव्ही१ला तोड नाही. एफएफएमपेग प्रकल्पात जन्मलेल्या या कोडेकचं संपूर्ण वर्णन २०२१ पासून आरएफसी ९०४३ या जाहीर तांत्रिक दस्तऐवजात सर्वांसाठी खुलं आहे. कुठलाही एक प्रोग्राम उद्या बंद पडला, तरी त्या वर्णनावरून नवा डिकोडर लिहिता येईल. व्हर्जन ३ मध्ये फ्रेमचे तुकडे पाडून प्रत्येकाला स्वतंत्र सीआरसी (तपासणीचा आकडा) जोडता येतो, म्हणजे डिस्क खराब झाली तर कोणत्या फ्रेमचा कोणता भाग गेला ते नेमकं सापडतं. सेटिंगमध्ये व्हर्जन ३, प्रत्येक फ्रेम कीफ्रेम (इतर फ्रेमशिवाय उघडणारी) आणि सीआरसी चालू, एवढं स्वतः सांगा. डीफॉल्टवर सोडू नका. फाइल एमकेव्ही या फाइल-प्रकारात ठेवा. अडचण एकच: बरेच एडिटिंग प्रोग्राम एफएफव्ही१ थेट घेत नाहीत.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने एमएक्सएफ या फाइल-प्रकारातल्या लॉसलेस जेपीईजी २००० कोडेकवर मोठा संग्रह उभा केला आहे. तो मार्ग भक्कम आहे, पण खास यंत्रणा असलेल्या संस्थांना परवडणारा.

एच.२६४ व्हिडिओ बनवणाऱ्या एक्स२६४ या प्रोग्रामच्या लॉसलेस मोडबद्दल मात्र सावध राहा. फाइल लहान होते, पण ती हाय ४:४:४ प्रेडिक्टिव्ह प्रोफाइलची असते आणि फोन-टीव्हीवर सहसा चालत नाही. त्यात सीआरएफ हे गुणवत्तेचं सेटिंग शून्य ठेवलं की लॉसलेस, हे फक्त ८ बिटांना लागू; १० बिटांत क्यूपी हे दुसरं सेटिंग शून्यच द्यावं लागतं.

खरा धोका कोडेकपेक्षा रंगांच्या रूपांतरात आहे. आरजीबी (लाल-हिरवा-निळा) चित्र वाययूव्हीत (उजेड आणि रंग वेगळे ठेवणाऱ्या रूपात) गेलं, किंवा ४:२:२ चं ४:२:० (रंगाची माहिती आणखी निम्मी) झालं, की पुढचा कोडेक कितीही लॉसलेस असो, गेलेलं परत येत नाही. कित्येकदा हे रूपांतर प्रोग्राम न विचारताच करतो. म्हणून कॅप्चर करतानाच पिक्सेल फॉरमॅट तपासा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

यूटी व्हिडिओ आणि एफएफव्ही१ यांपैकी एक निवडला म्हणून दुसरा सुटत नाही. दोन्ही लॉसलेस असल्यामुळे यूटी व्हिडिओत कॅप्चर करून नंतर एफएफव्ही१ करताना गुणवत्ता तिळभरही घटत नाही. फक्त जपायचंच असेल, एडिट करायचं नसेल, तर आजच्या संगणकावर एसडी चित्र सरळ एफएफव्ही१ मध्ये उतरवता येतं. नातेवाइकांना पाठवायला साधी एच.२६४ प्रत वेगळी काढा. आणि मूळ कॅप्चर पुसण्यापूर्वी एफएफएमपेगच्या फ्रेमएमडी५ या सोयीने, जी प्रत्येक फ्रेमसाठी तपासणीचा आकडा देते, दोन्ही फाइलच्या याद्या काढा. प्रत्येक फ्रेमचा आकडा जुळला, तरच पुसा.