रामटेकचा वराह पाहावा की लालपेठची शिल्पं?

गावाकडून लेकरांना घेऊन एकाच दिवसाची सहल करायची, तर मी रामटेकचं नाव पुढं करीन.

गडावरचा वराह वाकाटक काळातला, म्हणजे सुमारे 1500 वर्षांपूर्वीचा. तांबूस दगडातलं ते भलंमोठं डुकराचं धड समोर आलं की गलका करणारं पोरगंही गप्प होतं. भाविक त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडं निघतात. आमची आजी लुगडं सावरत निघाली होती, तेव्हाचा तिचा उजळलेला चेहरा मला अजून आठवतो. नागपूरहून अंतर जेमतेम 50 किलोमीटर. उतरल्यावर खिंडसी तलावाकाठी बसायला मिळतं. ढिवरांची जाळी वाळत असली तर थांबून बघाच. जाळं कसं विणतात ते लेकरांना कुठल्या पुस्तकातून कळणार?

चंद्रपूरजवळच्या लालपेठची गोष्ट वेगळी. तिथं मत्स्य, कूर्म, दशमुखी दुर्गा अशी अजस्र एकाश्म, म्हणजे एकाच दगडात कोरलेली शिल्पं उघड्यावर पडून आहेत. लोक दुर्गेलाच रावण म्हणतात. रायप्पा नावाच्या व्यापाऱ्यानं गोंड राजवटीत मंदिरासाठी ती घडवली आणि मंदिर अपुरंच राहिलं, असं सांगतात. चढण नाही, त्यामुळं गुडघे दुखणाऱ्या मोठ्यांना हेच बरं. पण सावली कमी; एप्रिल-मेमध्ये जाऊच नका.

शिल्पकलेचं वेड असलेल्यानं मात्र लालपेठ आधी गाठावं. त्या माशाजवळ उभं राहिलं की छिन्नीचे घाव बोटांना लागतील इतके जवळचे वाटतात.