मुलीचा बायोडाटा कुठे टाकावा: समाजाचा ग्रुप, संकेतस्थळ की परिचय पुस्तिका?

तुळशीचं लग्न लागलं की नागपुरात स्थळं पाहायला जोर येतो. मावशी म्हणते, समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. भाऊ म्हणतो, संकेतस्थळावर नोंदणी करा. वधू-वर मेळाव्याचे कार्यकर्ते परिचय पुस्तिकेसाठी फॉर्म घेऊन घरी येतात. बहुतेक घरं तिन्ही ठिकाणी एकच कागद पाठवून मोकळी होतात. मला मात्र या तिन्हींत फार मोठा फरक दिसतो. निवड करताना मी आधी एकच गोष्ट बघते: उद्या लग्न जुळलं किंवा पोरीचा विचार बदलला, तर तो कागद परत घेता येतो का?

आधी त्या कागदात काय असतं ते नीट वाचा. वर गणपती, खाली पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, नाडी, गोत्र. मग रक्तगट, उंची, शिक्षण, मिहानमधल्या कंपनीचं नाव आणि पॅकेज. वडिलांचं नोकरीचं खातं आणि हुद्दा, मामांची नावं गावासकट, शेती किती एकर, घर स्वतःचं की भाड्याचं. शेवटी प्लॉट नंबर, ले-आऊट, जवळची खूण आणि दोन मोबाईल नंबर. आता हेच एखाद्या भामट्याच्या नजरेने वाचा. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. ही दोन्ही कागदावर आहेत. बँका ओळख पटवायला आईचं माहेरचं आडनाव विचारतात, ते मामांच्या ओळीत आहे. मुलगी कुठे राहते, कुठे नोकरीला जाते आणि दिसते कशी, हे एकाच पानावर. मुलाच्या बायोडाटाचंही हेच, फक्त त्रास होतो तो मुलींना जास्त.

आता समाजाचा व्हॉट्सअॅप ग्रुप. तो फुकट आहे, वेगवान आहे आणि माणसं ओळखीतली असतात, म्हणून सगळ्यांचा ओढा तिकडे. व्हॉट्सअॅपवरचे संदेश 2016 पासून एंड-टू-एंड एनक्रिप्टेड आहेत हे खरं, म्हणजे वाटेत कोणी वाचू शकत नाही. पण वधू-वर ग्रुपमध्ये धोका वाटेत नसतो, तो पोहोचल्यावर सुरू होतो. एका ग्रुपात 1024 जण असू शकतात आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. 2018 पासून भारतात एक संदेश एका वेळी पाचच चॅटमध्ये पुढे पाठवता येतो, पण पीडीएफ फोनमध्ये उतरवून पुन्हा पुन्हा पाठवली की ती मर्यादाही फारशी आड येत नाही. "सर्वांसाठी हटवा" हे साधारण 2 दिवस 12 तासांपर्यंतच चालतं. अॅडमिनही काढू शकतो, पण ज्यांनी फाईल उतरवून घेतली त्यांच्याकडे ती राहतेच. लग्न होऊन दोन वर्षं झालेल्या मुलीच्या घरी "स्थळ अजून आहे का हो?" असे फोन येतात ते यामुळेच, आणि सासरी असा फोन गेला तर काय होतं ते सांगायला नको.

बरं, चुकीच्या हाती गेलं तर जाब कोणाला विचारायचा? अॅडमिनला म्हणाल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. निकाल मला योग्य वाटतो, कारण एक माणूस हजार जणांच्या बोटांवर नजर ठेवू शकत नाही. पण याचा अर्थ तुमच्या कागदाचा राखणदार तिथे कोणी नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही कोणी निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही, त्यामुळे "आमच्या भाच्यासाठी पुढे पाठवला" म्हणणाऱ्या काकांपुढे तो फारसा कामाचा नाही. खासगीपणा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलं आणि त्या नऊ न्यायमूर्तींत नागपूरचे शरद बोबडेही होते. हक्क मोठाच आहे, पण तो शेजारच्या फोनमधली पीडीएफ पुसून देत नाही.

टेलिग्रामवरचे वधू-वर चॅनेल माझ्या मते सरळ टाळावेत. चॅनेल सार्वजनिक असेल तर तिथलं सगळं, अॅप नसतानाही, ब्राउझरमध्ये वाचता येतं. ग्रुपमधले संदेश एंड-टू-एंड एनक्रिप्टेड नसतात, ती सोय फक्त दोघांतल्या सीक्रेट चॅटला आहे. नंबर लपवता येतो ही त्याची चांगली बाजू, पण बायोडाटावरच नंबर छापलेला असेल तर तिचा उपयोग काय? फेसबुकच्या खुल्या पानांचंही तेच.

विवाह संकेतस्थळाला पैसे पडतात आणि तिथे खोटं बोलणारे नसतात असं अजिबात नाही. परदेशातला डॉक्टर, त्याचं पार्सल आणि ते सोडवायला पैसे मागणारा कस्टम्सचा फोन ही फसवणूक तिथूनच सुरू होते. तरीही माझं माप या बाजूला झुकतं. फोटो कुलूपबंद ठेवून, आपण होकार दिलेल्यालाच दाखवता येतो. नंबर लपतो. केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनी या संकेतस्थळांना सदस्याची ओळख पडताळायला आणि आयपी पत्त्याची (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाची) नोंद ठेवायला सांगितलं आहे, म्हणजे कोणी त्रास दिला तर पोलिसांना धागा मिळतो. तक्रार अधिकारी असतो. 2023 च्या कायद्याखाली माहिती पुसून मागण्याचा हक्कही इथे कंपनीविरुद्ध चालवता येईल. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले असून मुख्य जबाबदाऱ्यांसाठी 18 महिन्यांची मुदत आहे. लग्न ठरल्यावर प्रोफाईल नुसतं लपवू नका, काढून टाका. ही दोन वेगळी बटणं आहेत आणि बहुतेक जण पहिल्यावर थांबतात.

परिचय पुस्तिकेची गोष्ट निराळी. छापलेलं परत घेता येत नाही, पण ती मेळाव्याला आलेल्या घरांतच फिरते आणि कोणी चौकशी केली तर मंडळाचा माणूस समोर असतो. फॉर्म भरताना एवढंच विचारा: पुस्तिकेची पीडीएफ काढून ग्रुपवर टाकणार का? उत्तर हो असेल, तर तिला व्हॉट्सअॅप ग्रुपच समजा.

मग करायचं काय? माझा सल्ला आहे की दोन बायोडाटा बनवा. पहिला बाहेर फिरणारा. त्यात पहिलं नाव आणि आडनाव, जन्माचं वर्ष, उंची, शिक्षण, नोकरीचं क्षेत्र, "नागपूर, दक्षिण-पश्चिम भाग" इतकाच पत्ता आणि वडिलांचा असा नंबर जो बँकेला किंवा यूपीआयला जोडलेला नाही. जोडलेला असला तर तो नंबर टाकताच अॅप खात्यावरचं नाव दाखवतं. फोटो एकच, त्यात कंपनीचं ओळखपत्र नको, गाडीचा नंबर नको, घराची पाटी नको. ग्रुपवर टाकायचाच असेल तर हाच टाका आणि अॅडमिनला 2025 मध्ये आलेली अॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी चालू करायला सांगा, म्हणजे चॅट एक्सपोर्ट करणं आणि फोटो आपोआप गॅलरीत उतरणं बंद होतं. स्क्रीनशॉट तरी निघतोच, म्हणून कागदच आखूड हवा.

दुसरा पूर्ण बायोडाटा, जन्मवेळ आणि मामांसकट, फक्त जिथे बोलणं पुढे गेलं त्या घरी. तोही कागदावर, समोरासमोर, कांदेपोह्यांच्या वेळी दिला तर सर्वांत बरं. बाहेरगावचं स्थळ असेल तर सिग्नल या मेसेजिंग अॅपवर पाठवा. तिथे 2024 पासून यूझरनेम आहे, नंबर न देता बोलता येतं आणि संदेश ठरावीक काळाने दोन्हीकडून पुसले जातील असं लावता येतं. मुलाकडच्यांना नवं अॅप घ्यायला सांगणं जड जातं, हे मान्य. अशा वेळी व्हॉट्सअॅपवर वैयक्तिक चॅटमध्ये फोटो "एकदाच पाहा" करून पाठवा.

कागद आधीच सगळीकडे गेला असेल तर घाबरून गप्प बसू नका. मुलीच्या व्हॉट्सअॅपवर सहा अंकी पिन लावा, प्रोफाईल फोटो आणि ग्रुपमध्ये जोडण्याची परवानगी "माझे संपर्क" एवढ्यावर आणा. अॅडमिनला जुनी पोस्ट काढायला लेखी सांगा. फोटोचा गैरवापर दिसला तर स्क्रीनशॉट, तारीख आणि नंबर जपून ठेवून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 लावा. आणि हे सगळं करताना मुलीला शेजारी बसवा, कारण त्या कागदावर कोणती ओळ राहावी हे तिने ठरवायचं आहे.