मुख्यालयातली खुर्ची की तोट्यातलं युनिट?

दहा-बारा वर्षं चांगलं काम केलं की बऱ्याच जणांच्या वाटेत हे वळण येतं. एकीकडून सीईओच्या ऑफिसात किंवा स्ट्रॅटेजी विभागात बोलावणं येतं, दुसरीकडून एखादं लहान, रखडलेलं युनिट सांभाळाल का अशी विचारणा होते. पगारात फारसा फरक नसतो. हुद्दा मात्र मुख्यालयातलाच भारदस्त वाटतो. पुढे कंपनी चालवायची इच्छा असेल तर यातलं काय घ्यावं? माझा कल युनिटकडे आहे हे आधीच सांगून टाकते, पण कुठलंही युनिट घ्या असं मी म्हणणार नाही.

आधी मुख्यालय. तिथून अख्खी कंपनी एका नजरेत दिसते. संचालक मंडळ कुठे अडून बसतं, दोन विभागप्रमुखांच्या ओढाताणीत पैसा शेवटी कुणाकडे वळतो, कागदावर उत्तम दिसणारा प्रस्ताव का मारला जातो, हे खाली राहून वर्षानुवर्षं कळत नाही. वरच्यांना तुमचं नाव आणि चेहरा माहीत होतो, हेही काही थोडं नाही. जनरल मोटर्सच्या मेरी बॅरा 1990च्या दशकात कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या सहायक होत्या. झेरॉक्समध्ये अर्सुला बर्न्स यांनी 1991 पासून तेव्हाचे सीईओ पॉल अलेर यांच्याकडे तसंच काम केलं. दोघीही पुढे आपापल्या कंपनीच्या सीईओ झाल्या, बर्न्स 2009 मध्ये आणि बॅरा 2014 मध्ये.

ही उदाहरणं सांगताना पुढचा भाग बहुतेक जण गाळतात. दोघी त्या खुर्चीत रमल्या नाहीत. बॅरांनी नंतर डेट्रॉइट-हॅमट्रॅमकचा कारखाना सांभाळला, बर्न्स यांनी झेरॉक्समधले वेगवेगळे व्यवसाय चालवले. मुख्यालय हा त्यांच्या वाटेवरचा मुक्काम होता. तिथेच चार-पाच वर्षं गेली की माणसाची ओळख ‘प्रेझेंटेशन फार छान करतो’ एवढीच उरते. शिवाय ज्या साहेबांनी बोलावलं ते गेले की नवे साहेब आपली माणसं आणतात. तुमच्या नावावर सल्ले शंभर असतात, पण हा निकाल माझा असं म्हणता येईल असं एकही काम नसतं.

युनिटमध्ये याच्या उलट. तिथे विक्री, पगार, वसुली, माल पडून राहणं, चांगला माणूस ऐन हंगामात सोडून जाणं, सगळं तुमच्याच अंगावर येतं आणि महिन्याच्या शेवटी एक आकडा निघतो. त्या आकड्याखाली तुमचं नाव असतं. यालाच नफा-तोट्याची जबाबदारी म्हणतात आणि सीईओ निवडताना ती कधी, किती मोठी आणि किती वर्षं पेलली हे हटकून पाहिलं जातं.

पण ‘तोट्यातलं’ म्हणजे नेमकं काय, हे होकार देण्याआधी खणून काढा. समजा युनिटची विक्री 100 आहे. कच्चा माल 62, स्वतःची माणसं आणि जागा मिळून 25. उरले 13. त्यावर मुख्यालय आपल्या खर्चाचा वाटा म्हणून 18 टाकतं आणि पाटी लागते: तोटा 5. हे युनिट उद्या बंद केलं तरी मुख्यालयाचा खर्च बहुतांशी तसाच राहील आणि हातचे 13 मात्र जातील. असं युनिट मिळालं तर हसत घ्या, कारण बदनामी आहे त्यामानाने दुखणं लहान आहे. आता दुसरं युनिट बघा. तिथे कच्चा मालच 96 खातो आणि भाव वाढवायची सोय नाही, कारण गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. तिथे तुमची धडाडी दोन वर्षांत संपेल आणि अपयश तेवढं नावावर राहील.

दुसरी चौकशी अधिकारांची. भाव कोण ठरवतं? माणूस घ्यायचा-काढायचा शब्द कुणाचा? लहानसं यंत्र घ्यायला किती सह्या लागतात? तिन्ही उत्तरं ‘मुख्यालय’ अशी आली तर तुम्ही नावाचेच बिझनेस हेड. आधीच्या माणसालाही जरूर भेटा. गेल्या तीन वर्षांत तिघं बदलले असतील तर दोष माणसांत नसावा.

कंपनी सोडायची वेळ आली तर फरक आणखी ठळक होतो. 2000 साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये सीईओ जॅक वेल्च यांचा वारस म्हणून जेफ इमेल्ट यांची निवड झाली. त्या शर्यतीत मागे राहिलेले जेम्स मॅकनर्नी थ्रीएमचे आणि रॉबर्ट नार्डेली होम डेपोचे प्रमुख झाले, तेही लगेचच. जनरल इलेक्ट्रिकमध्ये एक विमान इंजिनांचा व्यवसाय चालवत होता, दुसरा वीजनिर्मिती यंत्रांचा. चालवलेला धंदा असा बाहेरच्यांनाही वाचता येतो. मुख्यालयात कमावलेलं वजन मात्र बरंचसं त्याच इमारतीत राहतं, कारण ते ओळखींवर उभं असतं.

अपवाद आहेतच. इंद्रा नूयी 1994 मध्ये पेप्सिकोत स्ट्रॅटेजीच्या कामासाठी आल्या, 2000 मध्ये सीएफओ म्हणजे वित्तप्रमुख आणि 2006 मध्ये सीईओ झाल्या. पण त्यांची स्ट्रॅटेजी म्हणजे नुसत्या स्लाइड्स नव्हत्या. रेस्टॉरंटचा व्यवसाय वेगळा काढणं, ट्रॉपिकाना आणि क्वेकर विकत घेणं, अशा निर्णयांत त्या मध्यभागी होत्या. तुम्हाला देऊ केलेल्या खुर्चीतून असं काही घडणार आहे का, ते बघा. आणि सीएफओ, मनुष्यबळ किंवा कायदा विभागाचं प्रमुखपद एवढंच गाठायचं असेल तर युनिटचा हट्ट सोडा. तिथे विषयातली खोली जास्त मोजली जाते.

मुख्यालय मी दोनच वेळा सुचवेन. आधी एखादं युनिट चालवून झालं असेल आणि कंपनीचा वरचा मजला अजून पाहिलेला नसेल, तेव्हा. किंवा समोरचं युनिट त्या 96वाल्या जातीचं असेल, तेव्हा. दोन्ही वेळी आत शिरण्याआधीच परतीची तारीख ठरवून घ्या: दीड ते दोन वर्षं, त्यानंतर कोणत्या प्रकारचं युनिट मिळणार, आणि तो शब्द कोण देतंय. हे बोलणं झालं की त्याच संध्याकाळी शब्द देणाऱ्यांना एक साधा ईमेल टाका, ‘आज आपलं असं ठरलं’ म्हणून. साहेब बदलले तरी तो ईमेल नव्या साहेबांना दाखवता येतो.