लीड्सहून बॅलरॅट: नर्स म्हणून नऊ महिने, आणि एक बंद पडलेला हीटर

परवा दुपारी ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावी, आमच्या भाड्याच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत नवीन स्प्लिट सिस्टीम, म्हणजे खोली गरमही करणारा एसी, बसली. सव्वीस दिवस भांडल्यावर. जुलै महिना, बाहेर पाच अंश, आणि त्या संध्याकाळी महिन्याभरात पहिल्यांदा मुलीने कानटोपी काढून अभ्यास केला. ब्रिटनहून ऑस्ट्रेलियात यावं का, असं विचारणारे मेसेज मला आठवड्याला दोन-तीन तरी येतात. बहुतेक आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्याच मुलींचे, एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, तीन-चार वर्षं काढलेल्या. प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते. व्हिसाचे आणि पगाराचे आकडे तुम्हाला पाठच असतील, ते भराभर आटपते. घराबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण ते मला कोणीच सांगितलं नव्हतं.

मी मिरजेत बी.एस्सी. नर्सिंग केलं, तीन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि २०२१ मध्ये लीड्सला गेले. सीबीटी आणि ऑस्की या नोंदणीच्या परीक्षा, बँड पाच ही सुरुवातीची पगारश्रेणी, सर्जिकल वॉर्ड. मे २०२५ मध्ये ब्रिटन सरकारची श्वेतपत्रिका आली आणि कायम राहण्याच्या परवान्यासाठी पाचाऐवजी दहा वर्षांची भाषा सुरू झाली. आमची चार वर्षं भरत आली होती. त्या रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो आणि मुलगी किती वर्षांची होईपर्यंत आपण टांगणीला राहणार याचा हिशोब केला. पहाटे दोनला वही मिटली तेव्हा निघायचं ठरलं होतं.

सुदैवाने महिनाभर आधीच, एप्रिल २०२५ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या नर्सिंग बोर्डाने ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, सिंगापूर अशा काही देशांत नोंदणी असलेल्या नर्सेससाठी नवा मार्ग उघडला होता. २०१७ पासून तिथे किमान १८०० तासांचं काम दाखवता आलं की वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. त्याआधी शिक्षण भारतातलं आणि नोंदणी ब्रिटनची असलेल्यांचं घोडं इथेच अडायचं. माझ्या एका मैत्रिणीला एनक्लेक्स ही लेखी परीक्षा देऊन वर ॲडलेडला जाऊन पुन्हा ऑस्की द्यावी लागली होती. मला फक्त कागद लागले. ४८२ या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर, हॉस्पिटल मालकाच्या स्पॉन्सरशिपने, आम्ही ऑक्टोबरमध्ये इथे उतरलो. याच मालकाकडे दोन वर्षं झाली की तो कायम वास्तव्यासाठी नाव पुढे करू शकतो. दहा आणि दोन, यातला फरक ज्यांनी भोगलाय त्यांना वेगळा सांगायला नको.

आता वॉर्ड. वॉर्डाबद्दल मी मनापासून आणि हात न राखता चांगलं लिहिणार आहे.

पहिल्या सकाळी सातला फळ्यावर माझ्या नावापुढे चार बेड लिहिलेले होते. मला वाटलं, नवीन आहे म्हणून आज कमी दिलेत. इन-चार्जला विचारलं, उद्यापासून किती? ती म्हणाली, चारच. बॅलरॅट ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात हा कायदा आहे. युनियनने लढून २००० साली मिळवलेलं प्रमाण २०१५ मध्ये कायद्यात आलं. आमच्यासारख्या वॉर्डात सकाळी चार रुग्णांमागे एक नर्स, शिवाय इन-चार्ज वेगळी. रात्री आठांमागे एक. लीड्सला मी दिवसा दहा-दहा रुग्ण सांभाळलेत. दिवसा एका नर्सकडे आठांहून जास्त रुग्ण गेले की धोका वाढतो, हे उपचारांचे निकष ठरवणाऱ्या तिथल्या नाइस संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेतही होतं. पण ते मार्गदर्शन होतं, कायदा नव्हता. माणसं कमी पडली की आधी तेच गुंडाळून ठेवलं जायचं.

चार रुग्ण म्हणजे काय होतं ते सांगते. दुसऱ्या आठवड्यात एका आजोबांच्या पोटाच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस होता. सगळे आकडे ठीक, पण ते नेहमीसारखे बोलत नव्हते. मी खुर्ची ओढून दहा मिनिटं त्यांच्यापाशी बसले. त्या दहा मिनिटांत श्वासाची गती अठरावरून सव्वीसवर गेली आणि मी मेट कॉल दिला, म्हणजे तातडीचं वैद्यकीय पथक बोलावलं. ही पद्धत मूळ इथलीच, १९९० च्या सुमारास सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलात सुरू झालेली. पथक तीन मिनिटांत आलं. आजोबा वाचले, नवव्या दिवशी घरी गेले. लीड्सला ती दहा मिनिटं माझ्याकडे नसती. तिथे मी वाईट नर्स नव्हते, पण घरी येताना रोज वाटायचं की काहीतरी राहून गेलं. ते वाटणं इथे आल्यावर थांबलं. बाकी एकही गोष्ट नाही मिळाली तरी चालेल, पण ही मिळायला हवी, असं मी आता म्हणते.

कामात फरक आहेत. मदतीला एचसीए, म्हणजे नर्सच्या हाताखालचे मदतनीस, जवळजवळ नाहीत, आंघोळी-अंथरुणं आपणच करायची. बारा तासांऐवजी आठ तासांच्या पाळ्या, म्हणजे आठवड्याला पाच फेऱ्या. रात्री साडेनऊला सुटून सकाळी सातला पुन्हा हजर होणं मला अजून जड जातं. औषधांची नावं बदलतात, पॅरासिटामॉलला सगळे पॅनाडोल म्हणतात, ऑक्सिकोडोनला एन्डोन. आणि म्हातारी माणसं 'सिस्टर' म्हणून हाक मारतात. लीड्सला सिस्टर म्हणजे निळ्या गणवेशातली वॉर्डप्रमुख, तिथे मला कोणी तशी हाक मारली नव्हती. मिरजेनंतर ती हाक इथे ऐकली आणि क्षणभर पावलं थबकली.

पैशाचं एकच सांगते, कारण नव्या मुलींना ते उशिरा कळतं. सरकारी हॉस्पिटलात सॅलरी पॅकेजिंग पहिल्याच महिन्यात सुरू करा. वर्षाला ९,०१० डॉलरपर्यंत घरभाड्यासारखा खर्च कर कापण्याआधीच्या पगारातून जातो, वर बाहेरच्या जेवणाचे २,६५० वेगळे. हे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च मोजतात. मी तीन महिने आळस केला आणि त्या तीन महिन्यांचा कर हकनाक भरला. सुपरचे, म्हणजे निवृत्तीच्या निधीचे, १२ टक्के नोकरीचा मालक भरतो. पण ४८२ वर आरोग्य विमा पदरचा काढावा लागतो, तो खर्च आधीच धरून ठेवा. आणि लीड्स सोडण्याआधी ब्रिटनचं ड्रायव्हिंग लायसन्स काढाच. इथे ते परीक्षेशिवाय बदलून मिळतं, आपलं भारतातलं मिळत नाही. बॅलरॅटसारख्या गावात सकाळच्या पाळीला गाडीशिवाय पोचता येत नाही.

आता घर.

लीड्सचं आमचं घर विटांचं, शंभर वर्षांचं, अरुंद. भिंतीला ओल यायची. पण प्रत्येक खोलीत रेडिएटर होता, बॉयलर पहाटे पाचला आपोआप सुरू व्हायचा आणि उठेपर्यंत घर कोमट असायचं. हे सुख आहे हे तेव्हा कळलं नाही. बॅलरॅटचं घर फोटोत किती छान दिसत होतं! पांढरं, लाकडी फळ्यांचं, पुढे ओसरी, मागे लिंबाचं झाड. ते जमिनीपासून हातभर उंच, खुंटांवर उभं आहे. खालून वारा फिरतो आणि फरशीच्या फळ्यांमधून वर येतो. खिडक्यांना एकेरी काच. मागच्या दाराखाली माझं बोट जाईल एवढी फट. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, ऑस्ट्रेलिया म्हणजे उन्हाचा देश ना? मग स्वेटर कशाला घातलास?" बॅलरॅट समुद्रसपाटीपासून सव्वाचारशे मीटरहून उंच आहे आणि जून-जुलैत पहाटे गवतावर पांढरं दव गोठतं, हे मलाही इथे येऊन कळलं.

अख्ख्या घराला एकच हीटर, बैठकीच्या खोलीत भिंतीला बसवलेला जुना गॅसचा. तो ऑक्टोबरमध्ये आमच्या अकराव्या दिवशी बंद पडला. घरमालकाच्या एजंटला फोन केला तर म्हणे ईमेल करा, ईमेलला उत्तर आलं चौथ्या दिवशी. त्या रात्री मी सुटकेसच्या तळातून आजीची वाकळ काढली. मिरजेहून लीड्सला नेली होती, चार वर्षं पिशवीतून बाहेर निघाली नव्हती. आजीच्या चॉकलेटी लुगड्याचा वरचा थर, कडेला बाबांच्या धोतराची पट्टी, तळहाताएवढे टाके. मुलगी तिच्यात शिरली आणि म्हणाली, हिला कपाटाचा वास येतो. त्या आठवड्यात कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, येऊ नका. वॉर्ड कितीही चांगला असू दे.

मग वॉर्डातल्याच एका सहकारी बाईने मला कायदा सांगितला. व्हिक्टोरियात भाड्याच्या घरातला हीटर बंद पडणं ही 'तातडीची दुरुस्ती' धरतात. एजंट लगेच हलला नाही तर २,५०० डॉलरपर्यंतचं काम आपण करून घ्यायचं, पावती द्यायची आणि घरमालकाने सात दिवसांत पैसे परत करायचे. मी परवानाधारक गॅसवाला बोलावला. थर्मोकपल नावाचा आतला भाग गेला होता, २८६ डॉलर झाले. पैसे सात दिवसांत नाही, एकवीस दिवसांनी आले, दर आठवड्याला ईमेल केल्यावर. पण आले. तेव्हा माझं मत थोडं बदललं. हा देश घरं वाईट बांधतो, पण भाडेकरूला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. फक्त हक्क आपण तोंडाने मागावा लागतो, आणि आपल्याला मागायची सवय नसते. चार वर्षं व्हिसाच्या धाकात राहिल्यावर तर नसतेच.

जूनमध्ये खरी गोष्ट झाली. इथे गॅसच्या उपकरणांची सुरक्षा तपासणी दर दोन वर्षांनी करणं घरमालकाला बंधनकारक आहे. मी आल्यापासून तपासणीचा कागद मागत होते. शेवटी तपासणीला माणूस आला, त्याने हीटर लावून मोजमाप घेतलं आणि गॅस बंद करून लाल चिठ्ठी अडकवली. धूर चिमणीतून वर जाण्याऐवजी थोडा खोलीत उतरत होता. कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू. रंग नाही, वास नाही. मी नर्स आहे, ते रक्तात काय करतं मला माहीत आहे. त्या हीटरसमोर माझी मुलगी आठ महिने चित्रं काढत बसली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

एजंटने दोन विजेचे हीटर दारात ठेवले आणि घरमालक परदेशी आहेत, कोटेशन घेतोय, असं सांगितलं. एक हीटर २,४०० वॅटचा. सहा तास दोन्ही चालले की अठ्ठावीस-एकोणतीस युनिट, म्हणजे आमच्या दराने दिवसाला जवळजवळ नऊ डॉलर. सरकारी नियम सांगतो की बैठकीच्या खोलीत बसवलेला, वीज-गॅस जपून वापरणारा हीटर हवा. प्लगचे हीटर त्यात बसत नाहीत. मी स्वतः कोटेशन मागवलं तर २,८९० निघालं. २,५०० च्या वर, म्हणजे माझ्या हातात नाही.

मग मला जे येतं ते मी केलं. ऑब्झर्व्हेशन चार्ट. वॉर्डात रुग्णाचा ठेवतो तसा घराचा. दर चार तासांनी बैठकीची खोली, मुलीची खोली, बाहेर. सकाळी सहाला मुलीच्या खोलीत नऊ अंश. सलग चौदा दिवस. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान अठरा अंश सांगते, तिथे लाल रेघ ओढली. लाल रेघेच्या वर फक्त दुपारच्या दोन नोंदी गेल्या. तो चार्ट, लाल चिठ्ठीचा फोटो आणि व्हीकॅट या न्यायाधिकरणाकडे करायच्या तातडीच्या अर्जाची भरलेली प्रत एकत्र एजंटला पाठवली. तिसऱ्या दिवशी फोन आला, आणि परवा यंत्र बसलं. जास्तीच्या विजेचे १६४ डॉलर मागितले होते, ८० मिळाले. उरलेले ८४ मी सोडलेले नाहीत.

तर यावं का? नर्स म्हणून, हो. मी परत लीड्सच्या वॉर्डात जाणार नाही. पण घर बघायला जाल तेव्हा लिंबाचं झाड बघू नका. हीटर तुमच्यासमोर लावायला सांगा, गॅस तपासणीचा कागद सहीआधी मागा, मागच्या दाराखाली बोट घालून बघा. पाच डॉलरचा थर्मामीटर पहिल्याच दिवशी घ्या.

नियमात हीटर फक्त बैठकीच्या खोलीला आहे, झोपायच्या खोल्यांना नाही. काल सकाळी सहाला बैठकीत एकोणीस आणि मुलीच्या खोलीत अकरा होते. करार ऑक्टोबरमध्ये संपतोय. नव्या करारात तिच्या खोलीचा हीटर लिहून द्या, असं मी एजंटला कळवलंय आणि चार्ट अजून चालू ठेवलाय.