रविवारची लांब धाव: पेठांतून की धरणाकडे?

भाचा पहिल्या अर्धमॅरेथॉनच्या तयारीत आहे, २१.१ किलोमीटरच्या. विचारतो, "मामा, रविवारी पुण्यातच पेठांतून पळू की खडकवासला धरणाकडे जाऊ?"

पाण्याचं म्हणशील तर शहर सोयीचं. पहाटेही चहाची टपरी उघडी सापडते, पाय दुखला तर रिक्षा मिळते. धरणाकडे बाटली आणि गूळ-शेंगदाणे सोबत हवेतच.

रस्ता दोन्हीकडे सारखाच छळतो. पेठांत गतिरोधक आणि खोदकाम. धरणाजवळच्या डोणजे गावाच्या वाटेवर डांबराची कड उतरती. सतत एकाच कडेनं पळालास तर गुडघा बोलायला लागतो. शिवाय रविवारी उजाडलं की सिंहगडावर निघालेल्या गाड्यांची रांग लागते, त्याआधी परत फिरायचं. (कुत्र्यांच्या बाबतीत गाव-शहर भेद नाही. थांब, चाल, मग पळ.)

बघण्यासारखं? पहाटे मंडईत टेम्पोतून कोथिंबिरीच्या जुड्या उतरत असतात, ओल्या वासानं गल्ली भरते. शनिवारवाड्यापुढचा रस्ता मोकळा असतो. एरवी तिथं श्वास घ्यायला जागा नसते. धरणाकडे पाण्यावरचं धुकं आणि समोर सिंहगड.

एकटा, नवखा असशील तर शहर. सोबत कुणी असेल, एका लयीत न थांबता पळायचं असेल तर खडकवासला. तुला यंदा तरी पेठाच बऱ्या.